आधी श्रवण, मग भेट

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



याच सभागृहात साठेक वर्षांपूर्वी वक्तृत्वस्पर्धेत तिसऱ्याच वाक्याला अडखळून मी खाली बसलो होतो. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर त्या दिवशी परीक्षक होते. स्पर्धा आटोपल्यावर त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतले आणि म्हणाले, "आता राहिलेले भाषण म्हणून दाखव." एकट्या सरांसमोर मी ते पूर्ण केले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले. बक्षीस अर्थातच मिळाले नाही. परंतु आपले म्हणणे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतले, एवढी शिदोरी घेऊन मी घरी गेलो. ती आजवर पुरली आहे.

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. संतवाङ्मयावर प्रबंध लिहिलेला, निवृत्त झालेला मराठीचा प्राध्यापक. आणि तो बोलणार कशावर, तर एका इंग्रज नभोवाणी-निवेदकाला भेटलेल्या रॉक आणि पंक गायकवादकांविषयी! 'सरांचे वय झाले' असेही कोणी म्हणाले असेल. वय झाले हे खरेच आहे. पण या विषयाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे, एका जुन्या ऋणापोटी वळलो. ते ऋण कोणाचे, हे शेवटी सांगेन.

या निवेदकाचे नाव जॉन पील. १९८०नंतरच्या काळात बी.बी.सी.च्या जागतिक सेवेवर, लघुलहरींवर, त्यांचा आवाज मी प्रथम ऐकला. सावकाश, काहीसा उदास, स्वतःचीच थट्टा करणारा आवाज. त्यापाठोपाठ जे संगीत आले, ते ऐकून मी बटण फिरवले आणि बातम्या लावल्या. पुढे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीने त्यांचे आत्मचरित्र मला पाठवले. ते वाचताना जाणवले, की ज्या माणसाने आयुष्यभर बटण फिरवायचे नाकारले, त्याच्याच कार्यक्रमावर मी बटण फिरवले होते.

नभोवाणीच्या निवेदकाचे महत्त्व आपल्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. ते मराठी, व्युत्पन्न आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि सारा देश बुधवारी रात्री परदेशी केंद्राला कान लावून बसू लागला. अखेर १९५७मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

इंग्लंडमध्ये हेच नाटक निराळ्या वेषात घडले. तेथे वादक-संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्या करारांमुळे तबकड्या किती तास वाजवायच्या यावर बी.बी.सी.ला मर्यादा होती. तरुणांना हवे ते संगीत पुरेसे मिळेना. तेव्हा काही धाडसी मंडळींनी सागरी हद्दीबाहेर जहाजे नांगरली आणि त्यांवरून प्रक्षेपण सुरू केले. रेडिओ कॅरोलाइन १९६४च्या मार्चमधले, रेडिओ लंडन त्याच वर्षअखेरचे. सरकारने कायदा करून १९६७च्या ऑगस्टमध्ये ही चाचेगिरी मोडून काढली, आणि सप्टेंबरअखेर बी.बी.सी.ने स्वतःच 'रेडिओ वन' हे तरुणांचे केंद्र सुरू केले. रेडिओ लंडनच्या जहाजावर मध्यरात्रीनंतर तबकड्या लावणारा एक तरुण तेव्हा किनाऱ्यावर आला आणि बी.बी.सी.च्या नोकरीत शिरला. तेच हे पील. तेथे ते २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले.

त्यांचे मूळ नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म १९३९चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवल गावचा. वडील कापसाचे व्यापारी. मुलाला श्रूसबरीच्या निवासी शाळेत घातले. अभ्यासात गती बेताची. आज आपण शाळेतच जमलो आहोत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांच्या वसतिगृहप्रमुखांनी प्रगतिपुस्तकात अशा आशयाचा शेरा लिहिला होता, की ऐकवणार नाहीत अशा तबकड्यांचा शौक आणि लांबलचक चेष्टेखोर निबंध लिहिण्याची हौस यांतून हा मुलगा कदाचित एखादा भयंकर व्यवसाय उभारील. शिक्षकांनी लिहिलेली इतकी तंतोतंत खरी ठरलेली भविष्यवाणी माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी, की त्या शिक्षकाविषयी पील यांच्या मनात कायम कृतज्ञता राहिली. थट्टा केली, तरी त्यांनी मुलाला नीट पाहिले होते.

सैन्यातली सक्तीची सेवा संपवून १९६०मध्ये ते अमेरिकेत टेक्सासला गेले. तेथे बीटल्स या लिव्हरपूलच्या चौकडीची लाट आली, आणि केवळ लिव्हरपूलकडचे उच्चार असलेला माणूस म्हणून त्यांना नभोवाणीवर 'तज्ज्ञ' नेमण्यात आले! १९६३च्या नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली, तेव्हा लिव्हरपूलच्या वृत्तपत्राचा वार्ताहर असल्याची बतावणी करून ते डॅलसच्या पोलीस मुख्यालयात शिरले होते. थोरामोठ्यांच्या जवळ पोचण्याची अशी उपजत हातोटी असलेला माणूस गायकांच्या भेटींचे भांडवल करील, असे कोणालाही वाटेल. पण पुढे घडले ते उलटेच.

त्यांच्या आठवणींतली मला सर्वांत आवडलेली सांगतो. कॅप्टन बीफहार्ट या नावाने गाणारे अमेरिकेतले एक विलक्षण गायक १९६८मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर आले. पील त्यांचे भक्त. त्यांनी स्वतः गाडी चालवून त्यांना ठिकठिकाणी पोचवले. एका प्रवासात बीफहार्ट यांनी गाडी थांबवायला सांगितली. कारण विचारता म्हणाले, मला एक झाड ऐकायचे आहे. पील यांनी गाडी थांबवली. ही आठवण ते हसत हसत सांगत, पण त्या हसण्यात उपहास नव्हता.

आपल्या माळव्याला हे नवलाचे वाटू नये. १९४८च्या आरंभी क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व येथून जवळच देवासला आले. गाणे बंद, बोलणेही जपून. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने आसपासच्या बायाबापड्यांच्या तोंडची माळवी गाणी नुसती ऐकली. पुढे त्यांच्या गायकीत जे नवे आले, त्यातले बरेचसे त्या सक्तीच्या श्रवणातून आले. झाड ऐकणे म्हणजे दुसरे काय?

रॉकच्या त्या पहिल्या काळात पील गायकांच्या फार जवळ गेले, आणि त्याचे चटकेही त्यांनी सोसले. मार्क बोलन हा कोवळ्या वयाचा गायक. त्याच्या गाण्यांना अन्यत्र फारसे कोणी विचारत नव्हते, तेव्हा पील ती आवर्जून लावत. दोघांची घरोब्याची मैत्री जमली. १९७१मध्ये बोलनच्या तबकड्या अग्रस्थानी पोचल्या. एक नवी तबकडी पील यांना मनापासून आवडली नाही आणि त्यांनी ते लपवले नाही. मैत्री विरली. १९७७च्या सप्टेंबरात बोलन मोटार-अपघातात गेला, तेव्हा त्याचे वय तिशीच्या आत होते. या प्रसंगापासून पील यांनी एक पथ्य पाळले असावे असे मला वाटते. ज्यांचे संगीत अतिशय आवडते, त्यांच्याशी सलगी करू नये, त्यांचे ऐकावे.

'द फॉल' या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाविषयी हे विशेष दिसते. १९७८पासून २००४पर्यंत या मंडळींनी पील यांच्या कार्यक्रमासाठी चोवीस वेळा ध्वनिमुद्रण केले. त्यांच्या इतका लाडका वाद्यवृंद पील यांना दुसरा नव्हता. तरीही त्यांचे प्रमुख मार्क स्मिथ आणि पील यांच्या भेटी मोजक्याच. त्याही दोन लाजाळू माणसांच्या, दोनचार शब्दांत आटोपणाऱ्या. सव्वीस वर्षांचा स्नेह, आणि तो जवळजवळ संपूर्ण कानांवाटे!

ही ध्वनिमुद्रणे हा पील यांचा खरा ठेवा. तबकड्यांच्या तासांवर मर्यादा असल्याने बी.बी.सी.ला कलावंतांकडून स्वतंत्रपणे वाजवून घ्यावे लागे. त्या अडचणीचे पील आणि त्यांचे निर्माते यांनी सोने केले. लंडनच्या मैडा व्हेल येथील कलागृहात नवख्या मुलांना बोलवायचे. एका दिवसात साधारण चार गाणी मुद्रित करायची. आणि रात्री ती देशभर ऐकवायची. अशी चार हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे दोन हजारांहून अधिक कलावंतांनी केली. कित्येकांपाशी तेव्हा कोणत्याही कंपनीचा करार नव्हता.

१९७६मध्ये पंक आले. ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉक संगीत तोपर्यंत श्रीमंत झाले होते. प्रचंड यंत्रे, लांबलचक वादने, दूर उंचावर उभे असलेले कलावंत. याविरुद्ध बेकार, अर्धशिक्षित, चिडलेल्या मुलांनी स्वस्त गिटारी हाती घेतल्या. दोनतीन स्वरसंघ येत असले की पुरे. गाणे दोन मिनिटांचे, वेग अफाट, भाषा रस्त्यावरची. मँचेस्टरच्या बझकॉक्स या मंडळींनी पाचशे पौंड उसने घेऊन १९७७च्या जानेवारीत स्वतःच आपली तबकडी काढली. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. आमच्या मराठीत १९५५च्या सुमारास 'शब्द'सारखी लघुनियतकालिके सायक्लोस्टाइल करून निघत, त्यांची येथे आठवण व्हावी. छापखाना दारात उभे करीत नसेल, तर आपणच शाई फासायची!

रमोन्स या अमेरिकन चौकडीची पहिली तबकडी १९७६मध्ये पील यांनी लावली, तेव्हा त्यांचे वय छत्तीस. त्यांचे श्रोते त्यांच्याबरोबर वाढलेले, संथ, दीर्घ संगीताला सरावलेले. त्यांची रागावलेली पत्रे आली: हे पुन्हा लावू नका. पील यांनी अधिकच लावले. जुने श्रोते गेले, नवे आले, आणि पाहता पाहता श्रोतृवर्गाचे सरासरी वय दहा वर्षांनी उतरले असे ते सांगत. मिळवलेला श्रोता गमावण्याची तयारी ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. आम्ही प्राध्यापक मंडळी तर एकदा जमलेल्या टिपणांवर तीस वर्षे काढतो.

त्यांनी पंकची भक्ती मात्र आंधळेपणाने केली नाही. 'द क्लॅश' ही गोरगरिबांच्या बाजूने गाणारी प्रसिद्ध मंडळी. तिने त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण यंत्रसामग्री पसंत नाही म्हणून अर्धवट सोडले, आणि पील यांनी या मानभावीपणाची रेवडी उडवायला कमी केले नाही.

आयर्लंडमधल्या डेरी शहराची गोष्ट याहून मोठी. १९७८ साल. तेथे रस्त्यांवर सैन्य, बाँब, गोळीबार. अशा शहरातल्या 'अंडरटोन्स' नावाच्या पाच पोरांनी बेलफास्टच्या एका छोट्या दुकानदारामार्फत तबकडी काढली. तिच्यात युद्ध नाही, घोषणा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची साधी, कासावीस करणारी ओढ आहे. 'टीनेज किक्स' हे ते गाणे. पील यांनी ते त्या सप्टेंबरात लावले, आणि संपताच, नभोवाणीचे सारे संकेत मोडून, लगेच पुन्हा एकदा लावले. ते ऐकताना त्यांना रडू कोसळत असे. काही आठवड्यांतच त्या मुलांना अमेरिकन कंपनीचा करार मिळाला. ग्रेट फिनबरो या सफोकमधल्या खेड्यात पील यांची समाधी आहे. तिच्यावर त्या गाण्यातली एक ओळ कोरलेली आहे.

कोणी विचारील, यात मराठी माणसाचे काय? एक दुवा सांगतो. पील दर वर्षअखेर श्रोत्यांच्या मतांनुसार पन्नास गाण्यांची यादी सादर करीत. १९९७च्या यादीत पहिले आलेले गाणे होते कॉर्नरशॉप या वाद्यवृंदाचे, तजिंदर सिंग या पंजाबी वंशाच्या ब्रिटिश तरुणाने रचलेले. आणि ते होते आशा भोसले यांच्यावर, पार्श्वगायनाने कोट्यवधींना दिलेल्या दिलाशावर! ज्या आपल्या शहरात १९२९मध्ये लताबाईंचा जन्म झाला, तेथे हे सांगताना मला आनंद होतो. मंगेशकरांचा सूर इंग्लंडच्या पंकप्रेमी पोरांपर्यंत पोचला, तो असा.

आणि दुसरा दुवा वृत्तीचा. १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा कीर्तिशिखरावर होते. तरीही त्या कवितेतले कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे त्यांनी उघड लिहिले आणि कवीकडून ते समजावून घेतले. 'कळत नाही, म्हणून वाईट' असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. 'कळत नाही, म्हणून सांग' असे म्हणणारे थोडे. पील दुसऱ्या जातीचे.

आता एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. स्मृतिव्याख्यान म्हणजे आरती नव्हे. १९६५मध्ये टेक्सासमध्ये पील यांनी पंधरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पुढे तो मोडला. तरुण वयातल्या अशा संबंधांविषयी ते स्वतः मुलाखतींतून बेफिकिरीने बोलत. त्यांच्या मृत्यूनंतर, विशेषतः २०१२पासून, या वर्तनाची उघड आणि योग्य अशी झाडाझडती झाली. समोर मुली बसल्या आहेत. त्यांच्या देखत मी हे झाकून ठेवणार नाही. सारा देश ज्याच्या कानाची वाखाणणी करीत होता, त्याला आपल्या निकटच्या अजाण मुलींचे हित ऐकू आले नाही, हा दोष लहान नाही. 'तो काळच तसा होता' या सबबीने तो पुसला जात नाही. आपण त्यांच्यापासून एक गुण घ्यावा. माणूस सबंध घेऊ नये.

आत्मचरित्राविषयी. २००४च्या ऑक्टोबरात पेरू देशातल्या कुस्को येथे हृदयविकाराच्या झटक्याने पील अकस्मात गेले, वय पासष्ट. आत्मचरित्र अर्धवट राहिले होते. कथन अमेरिकेतल्या दिवसांपर्यंत आले होते. रॉक आणि पंकचा सारा काळ लिहायचा होता. ते पुस्तक त्यांच्या पत्नी शीला यांनी मुलांच्या साहाय्याने, रोजनिशांच्या आधारे पूर्ण केले, आणि २००५मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीच्या अभ्यासकाला येथे लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले. शीलाबाईंच्या लेखनात घरातला पील दिसतो. सव्वीस हजारांवर मोठ्या तबकड्या आणि हजारो छोट्या तबकड्या घरभर. नवख्या मुलांनी पाठवलेल्या ध्वनिफितींचा कधीच न संपणारा ढीग. आणि गाडीत, स्वयंपाकघरात, रात्री उशिरा त्या ऐकत बसलेला हा माणूस.

त्या ढिगापाशी मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला माझा ढीग आठवला.

१९७९ सालची गोष्ट. मी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा संपादक होतो. एक विद्यार्थी चाळीस पानी वही घेऊन आला. वडील येथल्याच एका कापडगिरणीत साच्यांवर कामाला. वहीत एकच दीर्घ कविता होती, गिरणीवरची. मराठी, माळवी, हिंदी यांची सरमिसळ. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. त्यांत शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. लाल शाईने 'भाषा अशुद्ध, पुन्हा लिहावे' असा शेरा मारून मी वही परत केली. मुलगा 'बरं सर' म्हणाला आणि गेला. पुन्हा काही घेऊन आला नाही.

काही वर्षांपूर्वी निवृत्तिवेतनासाठी बँकेत रांगेत उभा असताना एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी वाकून नमस्कार केला. ते तेच. मी अवघडून विचारले, "ती तुमची कविता?" ते हसून म्हणाले, "रद्दीत गेली असेल सर. मलाही आता आठवत नाही. गिरणीच गेली, तर कवितेचं काय घेऊन बसलात!" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

ती कविता चांगली होती की वाईट, हे मी आपणास सांगू शकत नाही. मी ती वाचलीच नाही. हेच ते ऋण.

मी आयुष्यभर ज्ञानेश्वरी शिकवली. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात: अवधान. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची आहे, हेही मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. जे फळ्यावर लिहिले, ते टेबलाशी आलेल्या मुलाच्या बाबतीत पाळले नाही. आणि या शाळेतल्या सरांनी, फळ्यावर न लिहिता, अडखळलेल्या एका पोराच्या बाबतीत ते पाळले होते.

पील यांच्या आठवणी वाचून एक गोष्ट मनात ठसली. थोरांना भेटलेला माणूस म्हणून त्यांचे नाव राहिलेले नाही. ज्यांना कोणी भेटत नव्हते, त्यांचे त्यांनी आधी ऐकले, म्हणून राहिले. भेटी नंतर झाल्या. काही झाल्याच नाहीत. त्यांनी ऐकलेले सारे चांगले होते असेही नाही. त्यातले पुष्कळसे आजही मला सोसवत नाही. पण चांगले काय आणि वाईट काय, हे ठरवण्याचा अधिकार शेवटपर्यंत ऐकल्यावरच येतो.

येथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात कोणी मुलगा, कोणी मुलगी वेडेवाकडे काहीतरी घेऊन आपल्याकडे येईल. कानाला खटकेल, डोळ्यांना टोचेल. लाल पेन थोडा वेळ खिशात राहू द्या. आधी सारे वाचा. मग खुशाल सुधारा.

आणि बालमित्रांनो, तुमच्यापैकी कोणापाशी असे काही असेल, तर हे भाषण संपल्यावर मी त्या शिक्षकांच्या खोलीत बसणार आहे. गाडी रात्रीची आहे. मला घाई नाही.